ब्रेक ऑइल दर आठवड्याला उतरतंय, पण थेंब कुठेच दिसत नाही

प्रश्न थोडक्यात असा. २५ वर्षं जुना ट्रक, ब्रेक हायड्रॉलिक, पुढे डिस्क, मागे ड्रम आणि व्हॅक्यूम बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा). डबीतलं ब्रेक ऑइल आठवड्याला बोटभर उतरतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून पाहिला, डाग नाही. चाकं बाहेरून कोरडी. पॅडल जवळजवळ नीट लागतं. मास्टर सिलिंडरला (पॅडल दाबलं की ऑइल पाइपांत ढकलणारा सिलिंडर) नवं किट, म्हणजे रबरी सीलचा संच, टाकून झालं, तरी घट चालूच आहे. मग ऑइल जातं कुठे? आणि तोवर वरून भरत गाडी चालवली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. पॅडल आज लागतंय ते हलक्या पायाला लागतंय. कोणी अचानक आडवं आलं आणि तुम्ही जीव खाऊन ब्रेक दाबलात, की पाइपमधला दाब सहज ७०-८० बारच्या पुढे जातो. रोजच्या दाबाला नुसता पाझरणारा गंजका पाइप त्या दाबाला फाटतो. मास्टर दुहेरी असेल तर निम्मे ब्रेक उरतील, पण भरलेली गाडी निम्म्या ब्रेकवर किती लांब जाऊन थांबते हे अनुभवून बघण्यासारखं नाही. तुमची गाडी त्याहून जुन्या घडणीची असेल, म्हणजे डबीला एकच कप्पा आणि मास्टरला एकच वाट, तर सगळे ब्रेक एकदम जातील. गळती सापडेपर्यंत गाडी उभी ठेवा.

आता मूळ प्रश्न. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, रेडिएटरमधलं पाणी उडतं. ब्रेक ऑइलचं तसं काही होत नाही. ते कमी झालं म्हणजे कुठेतरी गेलं, आणि जमिनीवर आलं नाही म्हणजे गाडीच्याच पोटात कुठेतरी साठलं किंवा मुरलं. ओली जागा शोधत गाडीखाली रांगण्याआधी एवढाच विचार करायचा, की या गाडीत ऑइल कोणाला न दिसता कुठे लपू शकतं. अशा जागा फार नाहीत: बूस्टरचं पोट, मागच्या ड्रमची आतली बाजू, चेसिसच्या चॅनेलचा तळ, केबिनमधलं मॅटिंग आणि क्लच. बहुतेक लपलेल्या गळत्या मला यातच सापडल्या, आणि पहिल्या दोन जागांतच सगळ्यात जास्त.

आधी ही खरंच गळती आहे ना, याची खात्री करा. डिस्क पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर आवळणारा भाग) पिस्टन तेवढा बाहेर येऊन उभा राहतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. ६० मिलिमीटर व्यासाचा एक पिस्टन धरा. दोन्ही बाजूंचे पॅड एकेक मिलिमीटर झिजले तर तो दोन मिलिमीटर पुढे येईल आणि साधारण साडेपाच मिलिलिटर ऑइल घेईल. दोन चाकांचे मिळून अकरा. पॅडचा मिलिमीटर झिजायलाही बराच काळ लागतो, त्यामुळे आठवड्याला बोटभर घट या हिशेबात बसत नाही. पण वर्षभर डबीकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस एक दिवस ‘ऑइल कमी झालं’ म्हणून घाबरून येतो, त्याचे बहुधा पॅडच संपलेले असतात.

दुसरी गल्लत पॅडलची. पाय ठेवून धरला की पॅडल हळूहळू खाली बसतं, पण डबीतली पातळी तेवढीच राहते. असं असेल तर ऑइल बाहेर जात नाहीये. मास्टरच्या आतल्या आत, घासलेल्या वॉशरच्या (पिस्टनवरच्या रबरी सीलच्या) कडेवरून ते मागे सरकतंय. तो बिघाडही गंभीर आहे, पण तुमचा नाही. तुमची पातळी उतरते आहे.

आता डबीला बारीक चिकटपट्टी लावा, पातळीवर पेनाने रेघ मारा आणि तारीख लिहा. डबीला दोन कप्पे असतील तर दोन्हींवर वेगळ्या रेघा. या एका पट्टीने माझे किती तास वाचवले याला गणती नाही. कोणता कप्पा उतरतो ते कळलं की अर्धी गाडी शोधातून बाद होते. त्या कप्प्याखालून निघणारा पाइप पुढे जातो की मागे, हे मात्र डोळ्यांनी पाहा, अंदाजाने ठरवू नका. कप्पा पुढचा म्हणजे ब्रेक पुढचे असा नियम नाही. शिवाय बऱ्याच डब्यांत मधली भिंत अर्धीच असते. ऑइल भिंतीच्या वर असेपर्यंत दोन्ही बाजू एकत्रच उतरतात, त्यामुळे भिंतीच्या खाली येईपर्यंत निकाल लागत नाही.

कोणता कप्पा याइतकंच महत्त्वाचं आहे घट कधी होते ते, आणि नेमका हाच प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. दोन दिवस गाडी हात न लावता उभी ठेवा आणि रेघ पाहा. मग इंजिन चालू ठेवून, पॅडलला पाय न लावता, तासभर तशीच घुरघुरत ठेवा. मग उभ्या गाडीतच शंभर वेळा पॅडल जोरात दाबा. यातून गळतीचा स्वभाव कळतो. फुटलेला पाइप किंवा होज (लवचीक रबरी नळी) दाबाला गळतो, उभ्या गाडीत गप्प बसतो. रबरी वॉशरचं उलट असतं. त्याची कड बाहेरच्या बाजूला पसरलेली असते आणि आतला दाब तिला सिलिंडरच्या भिंतीवर आवळून धरतो, म्हणून जोरात ब्रेक मारला की तो घट्ट बसतो आणि पाय काढला की सैलावतो. जुना कडक झालेला वॉशर उभ्या गाडीत, विशेषतः थंड रात्री रबर आखडल्यावर पाझरतो आणि सकाळी दोन-चारदा पॅडल मारलं की पुन्हा शहाण्यासारखा वागतो. याच कारणाने जुन्या ड्रम ब्रेकच्या गाड्यांत लाइनमध्ये पाय काढल्यावरही थोडासा दाब, साधारण पाऊण बारच्या आसपास, राखून ठेवणारी झडप बसवलेली असायची. आणि ज्या गाडीत फक्त इंजिन चालू असताना, ब्रेक न मारताही ऑइल कमी होतं, तिथे मला दुसरं काही तपासावंसं वाटत नाही. मी सरळ बूस्टरकडे जातो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशयही तिथेच आहे, म्हणून बूस्टरवर जरा जास्त बोलतो.

मास्टर सिलिंडर बूस्टरच्या तोंडावर दोन नटांनी बसलेला असतो. मास्टरच्या मागच्या टोकाला शेवटचा सील असतो. तो गेला की ऑइल मागे येतं, पण बाहेर पडायला वाटच नसते, ते थेट बूस्टरच्या पोटात उतरतं. बूस्टर म्हणजे पत्र्याचा बंद डबा. तो अर्धा लिटर ऑइल निमूटपणे गिळून बसतो आणि बाहेर एक थेंब दाखवत नाही. कधी कधी सांध्याच्या खालच्या बाजूला बूस्टरचा रंग फुगून पोपडे धरलेला दिसतो, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. ती खूण दिसली तर अर्धं काम झालं. नाही दिसली म्हणून बूस्टर निर्दोष ठरत नाही.

आता तुमचं नवं किट. या सीलच्या एका बाजूला डबीतलं ऑइल असतं आणि दुसऱ्या बाजूला, इंजिन चालू असेपर्यंत, व्हॅक्यूम. म्हणजे पाय पॅडलवर असो वा नसो, व्हॅक्यूम त्या सीलवरून ऑइल सतत ओढत असतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडले असतील किंवा एका बाजूने झीज असेल, तर सील कितीही नवा असला तरी खड्ड्यातून वाट राहतेच. असा मास्टर टेबलावर दाबून पाहिला तर कोरडा आणि गाडीवर चढवला की ओला. किट टाकणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात फसवा उपाय. किट टाकणाऱ्याने बोअरमध्ये बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं होतं का, हे विचारा. उत्तर देताना तो घुटमळला तर समजून जा.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करून पॅडल सात-आठ वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मास्टरचे दोन नट सोडा. बहुतेक गाड्यांत पाइप न उघडता मास्टर दोन बोटं पुढे ओढता येतो. पाइप ताणू नका, वाकवून तोडाल. मास्टरच्या मागच्या तोंडावर आणि बूस्टरच्या भोकात पांढरा कागद फिरवा. बसवताना लावलेलं थोडं ग्रीस दिसलं तर ते चालतं. पातळ ऑइल, ओघळ किंवा बूस्टरमध्ये तळं दिसलं तर चोर सापडला. तळं दिसत नसेल तर बारीक नळी सिरिंजला लावून बूस्टरच्या तळापर्यंत घाला आणि ओढून पाहा.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका पेट्रोल गाडीच्या मागे मी दोन आठवडे लागलो होतो. ब्रेक ऑइल कमी होई, म्हणून चारही चाकांचे सिलिंडर बदलले. त्याच सुमारास गाडी सकाळी पांढरा धूर टाकू लागली. तो इंजिनचा वेगळा आजार समजून मालकाला हेड गॅस्केटचा खर्चही सांगून बसलो. दोन्ही आजार एकच होते. बूस्टर भरला होता आणि व्हॅक्यूमच्या होजमधून ऑइल इनटेकमध्ये ओढलं जाऊन इंजिन ते जाळत होतं. तेव्हापासून ‘ब्रेक ऑइल कमी’ आणि ‘पांढरा धूर’ ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून ऐकली की मी जॅक काढतच नाही.

डिझेल गाडीत धूर दिसेलच असं नाही. डिझेल इंजिनाच्या इनटेकला पुरेसा व्हॅक्यूम नसतो, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पुष्कळदा तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. त्याला इंजिन ऑइलचं वंगण मिळतं आणि ते परत सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) पडतं. बूस्टर भरून वाहिला तर ब्रेक ऑइल अशा पंपातून इंजिन ऑइलमध्ये जाऊन मिसळतं. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलला अजिबात मानवत नाही. बूस्टरमध्ये तळं सापडलं तर व्हॅक्यूम होज काढून आतून ओला आहे का पाहा, आणि असेल तर इंजिन ऑइल बदलूनच गाडी सुरू करा.

काही जुन्या ट्रकना बूस्टर पॅडलपाशी नसतो, तो चेसिसला दूर कुठेतरी टांगलेला असतो आणि त्याला स्वतःचा हायड्रॉलिक सिलिंडर असतो. तिथेही खोडी हीच. आतला सील गेला की ऑइल व्हॅक्यूमच्या बाजूला जातं आणि इंजिनाकडे ओढलं जातं. हे युनिट चिखलात लडबडलेलं असतं, म्हणून त्याची आठवण सगळ्यात शेवटी येते.

बूस्टर कोरडा निघाला तर मागचे ड्रम.

‘चाकं बाहेरून कोरडी’ असं तुम्ही लिहिलं आहे. ड्रमच्या बाबतीत ‘बाहेरून’ला काहीच अर्थ नाही. व्हील सिलिंडरमधून (ड्रमच्या आत शू बाहेर ढकलणारा सिलिंडर) पाझरलेलं ऑइल आधी त्याच्या रबरी टोपीत साठतं. टोपी भरली की बॅक प्लेटवर (ड्रमच्या मागच्या पत्र्यावर) ओघळतं, तिथे लायनरच्या (शूवरच्या घासणाऱ्या अस्तराच्या) धुळीत मिसळून काळा चिखल होतं, आणि उरलेलं लायनर पितं. लायनर हा स्पंजसारखा असतो, पुष्कळ पितो. बॅक प्लेटच्या खालच्या कडेवरून बाहेर ओघळ यायला आठवडे लागू शकतात, आणि आलाच तर टायरच्या आतल्या भिंतीवर येतो, जिथे कोणी बघत नाही. चाकामागे हात घालून ती बाजू चाचपून पाहा.

ड्रम काढायलाच हवा. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी कोणालाही जाऊ देत नाही, मग तो कितीही घाईत असो. ड्रमच्या आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालेला असतो आणि शू त्यात अडकतात, म्हणून आधी शू जवळ-लांब करणारा अ‍ॅडजस्टर सैल करा. हातोड्याने कडा फोडू नका. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून पुसा.

सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या बोथट पेचकसाने हलकेच उचला. आत दमटपणा असेल तर चालेल, थेंब पडला किंवा ऑइल वाहिलं तर सिलिंडर गेला. ड्रम काढलेला असताना पॅडल कोणी दाबणार नाही याची तजवीज करा, नाहीतर पिस्टन उडून बाहेर येईल आणि नसलेली गळती तुम्हीच तयार कराल.

इथे एक फसगत नेहमीची. मागच्या ड्रममधला ओलावा ब्रेक ऑइलचाच असेल असं नाही, एक्सलचा सील गेला तर गिअर ऑइलही ड्रममध्ये येतं. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. ब्रेक ऑइल पातळ, बोटांना आधी बुळबुळीत आणि मग किंचित चिकट लागतं. शंका राहिली तर एका पांढऱ्या वाटीत पाणी घ्या आणि त्यात तो ओलावा पुसलेली चिंधी पिळा. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जाईल, गिअर ऑइलचा तवंग वर तरंगेल. सिलिकॉनचं डॉट ५ भरलेल्या गाडीत ही परीक्षा चालत नाही, तेही पाण्यात मिसळत नाही.

पाण्यात विरघळतं म्हणूनच पावसाळ्यात गळती शोधणं जास्त कठीण. रस्त्यावरचं पाणी पुरावा धुऊन नेतं. गाडी तपासायला देण्याआधी पाण्याचा फवारा मारून चकाचक करून आणणारे लोक भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या दिवशी मला काहीच सापडत नाही. धुवायची तर धुवा, पण मग पूर्ण वाळवून, दोन दिवस कोरड्या रस्त्यावर जाईल अशी वेळ गाठा. अर्थात वर म्हटल्याप्रमाणे गाडी चालवायची नाही, तेव्हा तुमच्यासाठी पुढची युक्ती.

पाइपांसाठी. मास्टरपासून चाकापर्यंतचा प्रत्येक सांधा आणि क्लिप ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करा आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. मग पॅडल दाबून सीट आणि पॅडल यांच्यामध्ये काठी अडकवा आणि तासभर तशीच ठेवा. ब्रेक लाइटचा फ्यूज आधी काढा, नाहीतर गळती सापडेल पण बॅटरी बसलेली असेल. पावडर जिथे ओली होऊन पिवळसर पडेल ती जागा. दाबाला गळणाऱ्या गोष्टी यात सापडतात, वॉशरचा रात्रीचा पाझर यात सापडत नाही.

पोलादी पाइप उघड्यावर फारसा सडत नाही, तो सडतो झाकलेल्या ठिकाणी. क्लिपच्या खाली चिखल आणि ओल धरून राहते, तिथे. डिझेल टाकीच्या वरून जातो, तिथे. मागच्या एक्सलवर पट्टीने बांधलेला असतो, तिथे. आणि चेसिसच्या चॅनेलच्या आत, जिथे गळलेलं ऑइल चॅनेलच्या तळातल्या मातीत मुरतं आणि खाली कधीच पडत नाही. क्लिपा सोडून पाइप थोडा उचला आणि खालून बोट फिरवा. धुळीचा ओला, काळपट गठ्ठा लागला तर तो ग्रीसचा समजून सोडू नका. रबरी होजला पत्र्याच्या टोपीच्या मुळाशी वाकवून पाहा, चिरा तिथेच पडतात.

आता दोन-तीन जागा ज्या मी तरुणपणी कधी तपासल्याच नव्हत्या. जुन्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच पॅडलला नसतो, तो ऑइलच्या दाबावर चालणारा, मास्टरला किंवा पाइपच्या सांध्याला स्क्रू केलेला असतो. त्याचा पडदा फाटला की ऑइल विजेच्या पिनांमधून निघतं आणि वायरच्या आवरणातून चालत दूर जातं. कनेक्टर उपसून पाहा, आत ओला असेल तर झालं. ब्रेकचा इशारा दिवा लावणाऱ्या स्विचचंही तसंच. आणि मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला लोड व्हॉल्व्ह, जो वजनाप्रमाणे मागचा दाब कमीजास्त करतो. त्याच्या दांडीशी रबरी टोपी असते, ती उचलून पाहा. हा व्हॉल्व्ह चिखलाच्या थेट माऱ्यात असतो आणि २५ वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नसतो.

एक गोष्ट तुम्ही सांगितलेली नाही: क्लच वायरचा आहे की हायड्रॉलिक? पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून ऑइल घेतात. डबी ब्रेकची म्हणून सगळे ब्रेक शोधत बसतात आणि गळतो क्लच. क्लचचा मास्टर मागून गळला तर ऑइल पॅडलच्या दांडीवरून केबिनमध्ये उतरतं आणि मॅटखालच्या नमद्यात मुरतं. मॅट उचलून नमदा दाबून पाहा, रंग निघालेला पत्रा दिसतोय का पाहा. खाली गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडरची (क्लच दाबणाऱ्या खालच्या सिलिंडरची) टोपी उचला. स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत असेल तर हाउसिंगच्या तळाच्या भोकात कागदाची सुरळी घालून फिरवा. क्लचची नळी साधारणपणे डबीच्या वरच्या भागातून निघते. त्यामुळे पातळी एका ठरावीक रेघेपर्यंत उतरून थांबत असेल, तर मी आधी क्लच पाहतो.

इतकं करूनही सापडलं नाही तर गाडीचे तुकडे पाडायचे. होज चिमट्याने दाबून बंद करण्याची पद्धत आहे, पण जुन्या होजवर मी ती वापरत नाही. आतलं अस्तर फाटतं आणि नवा आजार सुरू होतो. त्याऐवजी मास्टरचे पाइप सोडून त्या जागी त्याच आट्यांचे बंद प्लग बसवा आणि मास्टरमधली हवा काढा. पॅडल दगडासारखं व्हायला हवं. दोन दिवस ठेवा, रोज थोडा वेळ इंजिनही चालवा. पातळी उतरली तर दोष मास्टर-बूस्टरमध्येच, नाही उतरली तर प्लगच्या पुढे. मग एक वाट जोडा, दुसरी बंद ठेवा. वेळखाऊ आहे, पण यात चुकायला जागा नाही.

सापडल्यावर दुरुस्तीबद्दल माझी मतं थोडी हट्टी आहेत. खड्डे पडलेला मास्टर किंवा व्हील सिलिंडर घासून किट टाकण्याच्या भानगडीत पडू नका, अख्खा बदला. व्हील सिलिंडर एका बाजूचा गेला तर दोन्ही बाजूंचे बदला, दुसराही तेवढाच म्हातारा आहे. ऑइल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून परत लावणारे आहेत. गरम झाले की ते आतलं ऑइल पुन्हा पृष्ठभागावर आणतात आणि गाडी एका बाजूला ओढते. तेही एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला. पाइप बदलायचा तर पोलादी किंवा तांबं-निकेलचा, टोकाला जुन्यासारखाच दुहेरी फ्लेअर (दोनदा दुमडून पसरवलेलं तोंड). मधला सडका तुकडा कापून दाबाच्या रिंगवाला जोड टाकणं ब्रेकच्या लाइनला चालत नाही. डिझेलच्या पाइपला चाललं म्हणून इथे चालेल असं नाही.

काम करताना डबीच्या झाकणातलं रबर पाहा. ते फुगून लाटा पडलेलं दिसलं तर कोणीतरी कधीतरी डबीत इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं आहे. मग एक सील बदलून भागत नाही. खनिज तेलाने ब्रेकची सगळीच रबरं फुगतात. सगळे वॉशर आणि होज बदलायचे आणि पाइप धुऊन काढायचे.

शेवटी हवा काढणं. जुना मास्टर तसाच ठेवला असेल तर हवा काढताना पॅडल पार तळापर्यंत मारू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन बोअरच्या शेवटच्या भागापर्यंत जातच नाही. तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो, आणि वॉशर त्यावरून गेला की फाटतो. गळती एका जागी बंद करून दुसऱ्या जागी सुरू करण्याचा हा हमखास मार्ग आहे. चेसिसवरचा वेगळा बूस्टर असेल तर आधी त्याचं निपल (हवा सोडायचा स्क्रू), मग चाकं, गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर लांबच्या चाकापासून जवळच्याकडे. झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं नवं, सीलबंद ऑइल वापरा. उघडून ठेवलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. डॉट ४ ला कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसचा उत्कलनबिंदू लागतो, पाणी शिरल्यावरच्या अवस्थेसाठी किमान मर्यादा १५५ ची आहे.

आणि मागच्या चाकांतून ऑइल येतच नसेल, निपल उघडूनही नुसते बुडबुडे येत असतील, तर मास्टरला दोष देण्याआधी गाडी चाकांवर उतरवा. चेसिस उचलून एक्सल खाली लोंबकळत असेल तर लोड व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागची वाट जवळजवळ बंद करतो. चाकं जमिनीवर टेकवून पुन्हा हवा काढा. मग डबीवरची जुनी रेघ पुसा, नवी मारा आणि पंधरा दिवस रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बघत राहा.